दोन हातांचं ऑपरेशन

ब्रुसेल्सहून गेंटकडे जाणारी रेल्वे धरली की अर्ध्या-पाऊण तासात आल्स्ट येतं. डेंडर नदीकाठचं, फ्लेमिश बोलणारं, बेताच्या वस्तीचं गाव. इथल्या लोकांना आसपासचे लोक 'कांदे' म्हणत आले. पंचक्रोशीत कांद्याची लागवड होती, त्यावरून पडलेलं हे नाव गावानं पुढं मिरवायलाच घेतलं. लासलगावकराला इथं परकं वाटू नये. कार्निव्हलचे दिवस सोडले तर पर्यटक इकडं फारसे फिरकत नाहीत. तरीही पूर्वी ओएलव्ही म्हणून ओळखल्या जाणाऱ्या इथल्या रुग्णालयात देशोदेशीचे तरुण सर्जन येऊन महिनोन्‌महिने राहतात. अलेक्झांडर मोत्री यांच्या युरोलॉजी विभागानं रोबोच्या साहाय्यानं होणाऱ्या प्रोस्टेट आणि मूत्रपिंडाच्या ऑपरेशनांत नाव कमावलं. पुढं गेंटजवळच्या मेल्ले या गावी ऑर्सी अकॅडमी नावाची खास शिकवणीची जागा उभी राहिली. युरोपात रोबोटिक शस्त्रक्रियेच्या फेलोशिपचा अभ्यासक्रम ज्या मोजक्या ठिकाणी घडला, त्यांतलं हे एक.

इथं येणारा माणूस कच्चा विद्यार्थी नसतो, हे आधी लक्षात घ्यायला हवं. भारतातून आलेला असेल तर साडेपाच वर्षं एमबीबीएसची, तीन एमएसची, तीन एमसीएचची, शिवाय बाँडची, आणि प्रवेश परीक्षांच्या तयारीत गेली ती कुणी धरतच नाही. म्हणजे पस्तिशी आलेली किंवा उलटलेली. मुंबईच्या पालिका रुग्णालयात नाहीतर ससूनमध्ये रात्री दोन वाजता अपघातात फुटलेलं मूत्रपिंड त्यानं एकट्यानं सांभाळलेलं असतं. गावी गेला की ओट्यावरची म्हातारी माणसं डॉक्टरसाहेब म्हणून सरकून जागा देतात. अशा माणसाला मेल्लेच्या प्रयोगशाळेत कोंबडीच्या मांसावर टाके घालायला बसवतात, आणि कुणीतरी त्याच्या चुका मोजत राहतं.

ही पाळी त्याच्यावर का येते, याचं उत्तर त्या यंत्राच्या घडणीतच आहे.

सर्जनला रोग्यापासून लांब नेणं हाच या यंत्रामागचा मूळ विचार. कॅलिफोर्नियातल्या एसआरआय या संशोधन संस्थेत दूरवरून शस्त्रक्रिया करण्याचं तंत्र आकार घेत होतं, तेव्हा अमेरिकी लष्कराच्या संशोधन खात्याला त्यात रस वाटला. जखमी सैनिक आघाडीवरच्या गाडीत आणि सर्जन मागं सुरक्षित तळावर, असं ते स्वप्न होतं. त्यातलं तंत्र घेऊन 1995 मध्ये इंट्युइटिव्ह सर्जिकल ही कंपनी निघाली. तिच्या सुरुवातीच्या यंत्रानं माणसावर पहिलं ऑपरेशन केलं ते मार्च 1997 मध्ये, आणि तेही बेल्जियममध्येच. आल्स्टहून डेंडर नदीच्या प्रवाहाबरोबर खाली गेलं की डेंडरमोंडे लागतं. तिथल्या रुग्णालयात हिम्पेन्स आणि कादिएर या सर्जनांनी पित्ताशय काढलं. त्या नमुना-यंत्राचं नाव 'मोना'. लिओनार्दोच्या मोनालिसावरून घेतलेलं. पुढच्या यंत्राला खुद्द लिओनार्दोचंच नाव मिळालं : दा विंची.

अंतराचं ते स्वप्न एकदा झोकात खरंही झालं. 7 सप्टेंबर 2001 रोजी जाक मारेस्को न्यूयॉर्कमध्ये बसले आणि अटलांटिकपलीकडं स्ट्रासबुर्गमध्ये टेबलावर असलेल्या 68 वर्षांच्या बाईंचं पित्ताशय त्यांनी काढलं, दुसऱ्या एका कंपनीच्या झ्यूस नावाच्या रोबोनं. 54 मिनिटं लागली. चारच दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये जे घडलं त्यानं ही बातमी पार झाकून टाकली. त्यानंतर अधूनमधून असे प्रयोग झाले, होतातही. रोजच्या व्यवहारात मात्र सर्जन रोग्यापासून जेमतेम तीन-चार मीटरवर, त्याच खोलीत बसलेला असतो. युद्धभूमीसाठी कल्पिलेलं यंत्र प्रोस्टेटच्या कामी आलं. कारण प्रोस्टेट असते ओटीपोटाच्या तळाशी, हाडांच्या खोबणीत, जिथं माणसाचा पंजा नीट वळत नाही.

यंत्र म्हणजे तीन वेगवेगळे भाग. रोग्याच्या अंगावर झुकलेले चार बाहू असलेला गाडा, पडदा आणि यंत्रणा असलेला मनोरा, आणि कोपऱ्यात सर्जनचा कन्सोल. कन्सोलमध्ये डोकं घातलं की ओटीपोट कितीतरी पट मोठं होऊन, खोलीसकट दिसतं. बोटं दोन कड्यांत अडकवायची. हाताची हालचाल यंत्र बारीक करून आत पोचवतं, थरथर गाळून टाकतं, आणि आतल्या आठ मिलिमीटर जाडीच्या अवजाराचं टोक मनगटासारखं फिरतं. पायाशी पेडल. एकानं कॅमेरा हलवायचा, एकानं क्लच सोडायचा, बाकीच्यांनी जाळून रक्त थांबवायचं. डोकं बाहेर काढलं की बाहू जागच्या जागी थांबतात. आणि या सगळ्यातली कळीची गोष्ट अशी, की कॅमेऱ्याचा एक आणि दोन हातांचे दोन सोडून उरलेला चौथा बाहूही सर्जनच्याच ताब्यात असतो. पायानं बदल करायचा, आतडं किंवा मूत्राशय बाजूला ओढून त्या बाहूला तिथंच धरून ठेवायला लावायचं, आणि पुन्हा आपल्या दोन हातांच्या कामाला लागायचं.

म्हणजे धरायला माणूस लागत नाही.

खुल्या ऑपरेशनला चार हात लागतात, मोठं असेल तर सहा. सव्वाशे-दीडशे वर्षांचं सर्जरीचं शिक्षण या जादा हातांवर उभं आहे. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये विल्यम हालस्टेडनं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रेसिडेन्सीची पद्धत बसवली, आणि पायरीपायरीनं जबाबदारी वाढवत नेण्याचा तो शिरस्ता जगभर गेला. आपल्याकडं तो परळपासून औरंगाबादपर्यंत अस्सल देशी रूपात रुजला. पहिल्या वर्षी रिट्रॅक्टर धरून खांदे भरून यायचे, दुसऱ्या वर्षी धागे कापायचे, पोट बंद करायचं. मग एखाद्या दुपारी सरांना ओपीडीचा निरोप येतो नाहीतर त्यांचा मूड चांगला असतो, आणि मास्कआडून शब्द येतात : "घे रे, इथून पुढं तू कर." रेसिडेंटांच्या भाषेत याला 'सरांनी केस दिली' म्हणतात. त्या एका दुपारसाठी माणूस सहा-सहा महिने रात्रपाळ्या उपसतो. या व्यवस्थेत अन्याय भरपूर होता. कुणाला केस मिळायची, कुणाला नुसत्या शिव्या. पण रिट्रॅक्टर धरणाऱ्याचे डोळे सरांच्या हातांपासून वीतभर अंतरावर असायचे, आणि त्याच्याशिवाय सरांचं अडत होतं. शिकवणं हा उपकार नव्हता, ती गरज होती.

रोबोनं ती गरजच काढून घेतली. मॅट बीन या अमेरिकी संशोधकानं तिथल्या शिकवणाऱ्या रुग्णालयांमध्ये थिएटरात उभं राहून हे बारकाईनं पाहिलं आणि 2019 मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. खुल्या ऑपरेशनात रेसिडेंटचे हात तासन्‌तास आत असत. रोबोच्या ऑपरेशनात मोठा सर्जन एकट्यानं सगळं करू शके, त्यामुळं शिकाऊ सर्जनला कन्सोल मिळायचा तो थोडकाच, आणि अडखळला की तोही काढून घेतला जायचा. कागदोपत्री मात्र तो तयार होऊनच बाहेर पडे. काही थोडे जण खरोखर तयार झाले. बीनला दिसलं की हे लोक आडवाटेनं शिकले होते. बाकीच्या शिक्षणाला टांग मारून लवकरच रोबोच्या मागं लागलेले, रात्री व्हिडिओ पाहणारे, सिम्युलेटरवर घाम गाळणारे, आणि वरिष्ठाचं फारसं लक्ष नसताना अवघड प्रसंगात स्वतःला लोटणारे.

परदेशातली रोबोटिक फेलोशिप म्हणजे या गमावलेल्या जागेची नुकसानभरपाई, असं म्हटलं तर फार चुकणार नाही. पूर्वी जे युनिटमध्ये राहिल्यानं आपसूक पदरात पडे, ते आता अर्ज करून, मुलाखत देऊन, पदरचे पैसे मोडून, बायकोमुलांना मागं ठेवून मिळवावं लागतं. मागणी एवढीच, की कुणीतरी कन्सोलवरून उठावं आणि आपल्याला बसू द्यावं.

आल्स्टमध्ये आणि युरोपातल्या त्या धर्तीच्या इतर केंद्रांत हे बसणं नशिबावर सोडलेलं नाही. ऑपरेशनाचे तुकडे पाडलेले असतात. मूत्राशय पोटाच्या भिंतीपासून सोडवणं हा सोपा तुकडा. प्रोस्टेटच्या कडेनं जाणाऱ्या नसा सोलून वाचवणं आणि तळाशी मूत्रमार्गापाशी नेमकं कापणं, हे अवघड. शिकणारा सोप्यापासून सुरुवात करतो. तेवढा तुकडा झाला की उठायचं, पुढचं गुरुजी करतात. तो तुकडा पक्का झाल्याखेरीज पुढचा हाती येत नाही. सगळे तुकडे जमले की एक अख्खं ऑपरेशन करायचं. त्याचा व्हिडिओ परीक्षकांकडं जातो, आणि कुणाचा आहे हे त्यांना ठाऊक नसतं. मधल्या काळात गुण द्यायलाही पद्धत आहे. 2012 मध्ये आलेली गिअर्स नावाची मोजपट्टी सहा गोष्टी पाहते : खोलीचा अंदाज, दोन्ही हातांचा मेळ, कामातली काटकसर, जोराचं भान, स्वतंत्रपणा आणि यंत्रावरचा ताबा. प्रत्येकाला एक ते पाच गुण. चाळिशीकडं झुकलेल्या एमसीएच माणसाला जोराच्या भानात पाचपैकी दोन मिळतात, तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होत असणार.

जोराच्या भानाचं प्रकरण जवळून बघण्यासारखं आहे. प्रोस्टेट काढल्यावर मूत्राशयाचं तोंड आणि मूत्रमार्गाचं तुटलेलं टोक एकमेकांना शिवायचं असतं. ब्रुसेल्सच्या रोलांड व्हान व्हेलटोव्हेन यांनी 2003 मध्ये यासाठी एक सुटसुटीत रीत प्रसिद्ध केली. दोन धागे शेपटीला एकत्र बांधायचे, घड्याळातल्या सहाच्या जागेपासून निघायचं, एका सुईनं डावीकडून आणि दुसरीनं उजवीकडून टाके घालत बाराच्या जागी यायचं आणि तिथं एकच गाठ मारायची. कोंबडीच्या मांसावर हीच शिवण घोटून घेतात. खुल्या ऑपरेशनात धागा ओढताना बोटाला कळतं की आता पुरे. दा विंचीच्या वर्षानुवर्षं वापरात असलेल्या यंत्रांवर बोटाला काही म्हणजे काहीच कळत नाही. हजारो टाके घातलेला सर्जन सवयीच्या अंदाजानं ओढतो, आणि धागा मधेच तुटतो किंवा मऊ मांस चिरत बाहेर येतो. आवाज नाही, झटका नाही. पडद्यावर नुसतं दिसतं की गेलं.

मग तो डोळ्यांनी स्पर्श शिकायला लागतो. धाग्यातला बाक संपून तो सरळ होतो, तो क्षण. सुईच्या भोकापाशी कातडी आत खेचली जाऊन बारीक खळगा पडतो, तो क्षण. जिवंत माणसात तिथला रंग फिका पडायला लागतो. कोंबडीत हे शिकता येत नाही, कारण तिच्यात रक्तच वाहत नाही. काही आठवड्यांत मेंदू ही अदलाबदल पचवतो. मुरलेले कन्सोल-सर्जन सांगतात की आपल्याला धाग्याचा ताण हाताला जाणवतो. तो जाणवणं शक्य नसतं. त्यांचे डोळे मेंदूला छान फसवत असतात. 2024 च्या मार्चमध्ये अमेरिकेत मंजुरी मिळालेल्या दा विंची 5 मध्ये जोर हातापर्यंत पोचवण्याची सोय आली आहे. ज्यांनी वर्षं घालवून डोळ्यांत बोटं उगवली, त्यांना तिचं कितपत कौतुक वाटतं, हा गमतीचा विषय आहे.

कन्सोलच्या आधी मात्र टेबलाजवळची पाळी असते, आणि ती चुकत नाही. गुरुजी कोपऱ्यात यंत्रात डोकं घालून बसलेले; रोग्याशी प्रत्यक्ष अंगाचा संबंध फेलोचा आणि नर्सचा. पोटात वायू भरायचा, छिद्रं कुठं पाडायची ते मोजायचं, बाहू एकमेकांवर आपटणार नाहीत अशा बेतानं जोडायचे. डोकं खाली आणि पाय वर अशा तीव्र उतारावर रोगी बांधलेला, त्यामुळं एकदा बाहू जोडले की टेबल मनाला येईल तसं हलवायची सोय नाही. मग चिमटा बदल, क्लिप लाव, रक्त ओढून घे. कॅमेऱ्याच्या काचेवर धूर बसला की काढ, गरम पाण्यात बुडव, पूस, परत घाल, आणि हे सगळं दहा-पंधरा सेकंदांत, कारण तोवर गुरुजी आंधळे. गुरुजींना आतलं सगळं दिसतं, पण बाहेर त्यांचा बाहू फेलोच्या कोपराला ढुसण्या देतो आहे, हे दिसत नाही. वैतागाचं काम आहे. तरीही मोठमोठे रोबोटिक सर्जन याच पाळीला महत्त्व देतात, आणि ते बरोबरच आहे. कधी आत रक्ताची चिळकांडी उडाली आणि बाहू सोडून तातडीनं पोट उघडावं लागलं, तर पहिली दोन मिनिटं कन्सोलवरच्या माणसाच्या हातात नसतात.

परदेशी जायचं म्हणजे कुठं, याचं उत्तर बरंचसं कागदपत्रांवर ठरतं. अमेरिकेत यंत्रं रग्गड, नावाजलेले गुरूही तिथंच. पण यूएसएमएलई या परवाना-परीक्षेच्या पायऱ्या चढून परदेशी डॉक्टरांसाठीचं ईसीएफएमजी प्रमाणपत्र आणि राज्याचा परवाना हाती नसेल तर रोग्याला बोट लावता येत नाही. मग उरते ऑब्झर्वरशिप : कोपऱ्यात उभं राहून पाहायचं. ब्रिटनमध्ये जनरल मेडिकल कौन्सिलची नोंदणी लागते. त्यासाठी परदेशी डॉक्टरांना जास्तीत जास्त दोन वर्षं घेणारी एक सरकारमान्य वाट आहे, तिच्यावरून पुष्कळ भारतीय जातात. गळ्याच्या शस्त्रक्रियेत रस असलेल्यांना सोलचं सेव्हरन्स रुग्णालय खुणावतं. मानेवर व्रण नको म्हणून काखेतून शिरून रोबोनं थायरॉइड काढण्याची रीत तिथल्या सर्जनांनी घडवली. नातेवाइकांना आणि पुढं रोग्यांना या सगळ्यातला फरक कळत नाही. पंधरा दिवस कोपऱ्यात उभा राहिलेला आणि वर्षभर कन्सोलवर बसलेला, दोघांच्याही पाटीवर एकच ओळ येते : 'रोबोटिक सर्जरीतील फेलोशिप', पुढं कंसात देशाचं नाव.

अर्थात नुसतं पाहणं अगदीच वाया जातं असंही नाही. पाहुणा म्हणून गेलेल्या एका सर्जननं प्रोस्टेटच्या ऑपरेशनाचा इतिहास फिरवला, आणि ती गोष्ट आल्स्टपासून फार लांब नसलेल्या हॉलंडमधल्या लायडेनची आहे. 1981 साल. जॉन्स हॉपकिन्सचे पॅट्रिक वॉल्श एका परिषदेसाठी तिथं गेले होते. निवृत्त प्राध्यापक पीटर डोंकर मृत जन्मलेल्या अर्भकांच्या ओटीपोटातल्या नसा सोलून त्यांचा नकाशा काढत होते, कारण मोठ्या माणसात चरबीमुळं त्या दिसत नाहीत. त्यांचं लक्ष मूत्राशयाच्या नसांवर होतं. वॉल्श यांनी विचारलं की लिंगाच्या ताठरतेच्या नसा कुठून जातात. डोंकर यांनी ते कधी शोधलंच नव्हतं. मग दोघं त्या दुपारी शोधायला बसले, आणि काही तासांत दिसलं की त्या नसा प्रोस्टेटच्या आतून जात नाहीत, कडेनं जातात. याचा अर्थ, प्रोस्टेट काढताना त्या वाचवता येतील. तोवर या ऑपरेशनानंतर पुरुषत्व जायचंच, असं सर्जन धरून चालत. 1982 मध्ये वॉल्श यांनी नसा जाणूनबुजून वाचवून पहिलं ऑपरेशन केलं. आज मेल्लेत आणि आल्स्टमध्ये फेलो ज्या तुकड्यावर सगळ्यांत जास्त अडखळतात, तो त्या दुपारी सापडला.

रोबोच्या प्रोस्टेट शस्त्रक्रियेला कारखान्याची शिस्त आणली ती मात्र एका भारतीयानं, अमेरिकेतल्या मोटारींच्या शहरात. मणी मेनन पुद्दुचेरीच्या जिपमेरमध्ये शिकले, जॉन्स हॉपकिन्समध्ये युरोलॉजिस्ट झाले आणि 1997 मध्ये डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड रुग्णालयात आले. रोबोनं प्रोस्टेट काढण्याचं पहिलं काम 2000 मध्ये फ्रँकफुर्टला योखेन बिंडर यांनी केलं होतं. मेनन यांनी त्याच वर्षी पॅरिसहून दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतले दोन वाकबगार सर्जन, व्हालान्सिएन आणि गियोनो, शिकवायला बोलावले. स्वतः मेनन खुल्या शस्त्रक्रियेत मुरलेले, दुर्बिणीत नवखे. रोबोनं त्यांची ही अडचण सोडवली. दुर्बिणीच्या ताठ अवजारांनी जे उलटसुलट करावं लागे, ते इथं मनगटासारखं वळणाऱ्या टोकांनी सरळ करता येत होतं. तेलुगू उद्योजक राज वट्टीकुटी यांच्या देणगीतून तिथं संस्था उभी राहिली, आणि पुढची काही वर्षं डेट्रॉइट ही या क्षेत्रातली काशी होती. भारतातले आजचे कितीतरी ज्येष्ठ रोबोटिक सर्जन तिथं जाऊन आले आहेत.

मग ओघ उलटाही वाहिला. मूत्रपिंड रोपणात नवं मूत्रपिंड रोग्याच्या अंगात रक्त सुरू होईपर्यंत गार ठेवावं लागतं. खुल्या जखमेत ते सोपं. रोबोसाठी पोट बंद असताना कसं करणार? मेनन आणि मेदांता रुग्णालयाचे राजेश अहलावत यांच्या चमूनं डेट्रॉइटमध्ये आधी तयारी केली. मग जानेवारी 2013 पासून गुरुग्राममध्ये प्रत्यक्ष रोपणं सुरू झाली. मूत्रपिंड बर्फाच्या भुग्यासकट गॉझमध्ये गुंडाळून छोट्या चिरेतून आत सोडायचं आणि ओटीपोटातही तोच भुगा पसरायचा. जिवंत दाते आणि मूत्रपिंडाचे रोगी भारतात इतके, की ही रीत इथंच भराभर घोटली गेली. पुढं ती शिकायला युरोपातले सर्जन इकडच्या कामाकडं पाहू लागले. बर्फाच्या भुग्याचं एवढं शास्त्र होईल असं गोळेवाल्यालाही वाटलं नसेल.

आकड्यांकडं पाहिलं की शिकण्याची किंमत अंगावर येते. खुल्या प्रोस्टेट शस्त्रक्रियेच्या 72 सर्जनांच्या 7,765 रोग्यांचा अँड्र्यू विकर्स आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये हिशेब मांडला. ज्या सर्जनच्या गाठीशी दहा ऑपरेशनं होती, त्याच्या रोग्यांमध्ये पाच वर्षांत कर्करोग परतण्याची शक्यता 17.9 टक्के. अडीचशे गाठीशी असतील तर 10.7. ही घसरण अडीचशेच्या आसपास सपाट होते. मधल्या दोनशे चाळीस रोग्यांनी कुणाच्या तरी शिक्षणाला हातभार लावलेला असतो, त्यांना कुणी विचारलेलं नसतं. फेलोशिपची खरी कमाई इथं मोजावी : हे शिकणं तयार माणूस शेजारी बसलेला असताना होतं.

तो शेजारी नसला तर काय होतं, हे ब्रिटनमध्ये न्यूकासलला दिसलं. फेब्रुवारी 2015 मध्ये तिथं रोबोनं हृदयाच्या झडपेची दुरुस्ती झाली, ब्रिटनमध्ये अशा प्रकारची पहिली. मदतीला आलेले दोन जाणकार सर्जन ऑपरेशन संपण्याआधीच निघून गेले. गुंतागुंत झाली, रोगी काही दिवसांत दगावला. 2018 च्या चौकशीत पुढं आलं की सर्जनचं गुरू-शिष्य एकाच वेळी बसतात अशा दुहेरी कन्सोलवरचं शिक्षण पुरेसं झालेलं नव्हतं; नेहमीच्या पद्धतीनं ऑपरेशन झालं असतं तर रोगी वाचण्याची शक्यता अधिक होती. सर्जन अनुभवी होता. यंत्रही चांगलं होतं.

जाहिराती काहीही म्हणोत, यंत्र स्वतः काही देत नाही. ब्रिस्बेनमध्ये 326 पुरुषांना चिठ्ठ्या टाकून रोबो आणि खुली शस्त्रक्रिया अशा दोन गटांत वाटलं. 2016 मध्ये लॅन्सेटमध्ये पहिले निष्कर्ष आले. तीन महिन्यांनी लघवीवरच्या ताब्यात आणि लैंगिक क्षमतेत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. रक्त कमी गेलं, हे खरं. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात तर धक्काच बसला. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या लॅक चाचणीत दुर्बिणीनं किंवा रोबोनं मोठं ऑपरेशन झालेल्या बायकांपैकी साडेचार वर्षांनी 86 टक्के रोगमुक्त होत्या, खुल्या पद्धतीच्या गटात 96.5 टक्के. त्याच ऑपरेशनासाठी परदेशी जाऊन हात बसवून आलेल्या स्त्रीरोग-कर्करोग सर्जनांना परतल्यावर जुनी लांब चीर पुन्हा द्यावी लागली. काहींनी निमूटपणे दिली, काही अजून वाद घालतात. शिकलेलं बाजूला ठेवायची तयारी कुठल्याही फेलोशिपमध्ये शिकवत नाहीत, आणि ती शिकवायला हवी, असं या प्रकरणानंतर वाटल्याशिवाय राहत नाही.

परत आलेल्या माणसापुढं वेगळंच गणित असतं. यंत्र कोट्यवधींचं. त्याच्या अवजारांत चिप असते, ठरावीक वेळा वापरलं की अवजार दिसायला धडधाकट असलं तरी यंत्र ते नाकारतं. त्यामुळं प्रत्येक केसचा खर्च रोग्याच्या बिलात येतो. परळच्या टाटा मेमोरियलसारखी सार्वजनिक जागा सोडली तर महाराष्ट्रात रोबो प्रामुख्यानं खासगी रुग्णालयांत आहे, आणि महिन्याला किती केस झाल्या हे व्यवस्थापनाचा माणूस नियमानं विचारतो. हृदयशल्यविशारद सुधीर श्रीवास्तव यांच्या कंपनीनं गुरुग्राममध्ये बनवलेला एसएसआय मंत्र 2022 पासून बाजारात आला, त्यानं किमतीत थोडी स्पर्धा आली. वट्टीकुटी फाउंडेशन भारतातल्याच रुग्णालयांमध्ये वर्षभराच्या रोबोटिक फेलोशिप देतं, त्यामुळं आल्स्ट किंवा डेट्रॉइट न पाहताही तयार होणं काहींना जमू लागलं आहे.

तरी मूळ गाठ तशीच राहते. आल्स्टहून परतलेल्या सर्जनच्या टेबलाशी आता त्याचा स्वतःचा शिकाऊ डॉक्टर उभा असतो. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी रोग्याचा मुलगा दार ढकलून आत येतो. रोबोचे जादा पैसे भरलेले असतात, त्यामुळं त्याच्या आवाजात जरा हक्क असतो : "सर, ऑपरेशन तुम्ही स्वतःच करणार ना?" याला 'हो' शिवाय उत्तर नाही. पण मूत्राशय सोडवण्याचा पहिला सोपा तुकडा सर शेजारी बसलेले असताना दुसऱ्यानं केला, तर रोग्याचं काही बिघडत नाही. आल्स्टमध्ये हेच रोज होतं. त्यासाठी दुसरा कन्सोल लागतो, ज्यावरून गुरूला क्षणात बाहू परत घेता येतात. अशी सोय 2009 पासून उपलब्ध आहे. रुग्णालय यंत्र घ्यायला निघतं तेव्हा कंपनीच्या कोटेशनमध्ये तो वेगळ्या ओळीत, वेगळ्या किमतीनं लिहिलेला असतो. त्याच्यावर बसलेल्या माणसाचं बिल कुठल्याही रोग्याला लावता येत नाही. खरेदी समितीला आकडा खाली आणायचा असला की कात्री लावायला पहिली हीच ओळ सापडते.